ऑस्करवर मत द्यायचंय? मग सिनेमे बघू नका

जानेवारी 2026 च्या 22 तारखेला नॉमिनेशनं आली, 15 मार्चला सोहळा आहे, आणि मधल्या या सात-साडेसात आठवड्यांत तुम्हाला कुणी ना कुणी विचारणारच की काय मग, यंदा कुणाला वाटतंय? ऑफिसात विचारतील, शाळेच्या ग्रुपवर विचारतील, एखादा अमेरिकेतला मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर मुद्दाम विचारेल. आणि तुम्ही तर बेस्ट पिक्चरच्या दहातला एकही बघितलेला नाहीये. घाबरू नका. उलट फार चांगल्या जागी आहात तुम्ही. सिनेमा बघून मत द्यायला काय, कुणीही देईल.

आधी मनातली ती अपराधी भावना काढून टाका. ज्यांच्या मतावर हा पुतळा दिला जातो ना, त्या अकॅडमीच्या मेंबरांना एप्रिल 2025 मध्ये नवीन नियम काढून सांगावं लागलं की बाबांनो, ज्या कॅटेगरीत शेवटचं मत द्यायचंय त्यातले सगळे नॉमिनेटेड सिनेमे बघितलेले पाहिजेत. नीट वाचा, 2025 मध्ये. पहिलं ऑस्कर दिलं 1929 ला. म्हणजे शहाण्णव वर्षं हे सगळं विश्वासावर चाललं होतं, आणि दरवर्षी कुणीतरी निनावी मतदार मुलाखतीत खुशाल सांगायचा की अमुक सिनेमा लावला, अर्ध्या तासात बंद केला आणि मत दिलं. आता त्यांच्या स्वतःच्या स्ट्रीमिंगवर कोण काय बघतंय याची नोंद होते, आणि थेटरात किंवा फेस्टिव्हलला बघितला असेल तर कुठं बघितला, कधी बघितला याचा फॉर्म भरायचा. फॉर्म! आता फॉर्म म्हणल्यावर तो कसा भरतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? पण मुद्दा तो नाही. तुम्हाला फॉर्मही नाही आणि मतही नाही, त्यामुळे तुमचं मत जास्त निखळ आहे, हे लक्षात ठेवा.

सुरुवात आकड्यांपासून करा कारण आकडे पाठ करायला पाच मिनिटं लागतात आणि सिनेमा अडीच तास घेतो. 'सिनर्स'ला 16 नॉमिनेशनं आहेत. आधीचा रेकॉर्ड 14 चा होता आणि तो तिघांच्यात वाटलेला होता, 'ऑल अबाउट ईव्ह', 'टायटॅनिक' आणि 'ला ला लँड'. एवढं बोललात की समोरचा गप्प. मग हळूच म्हणायचं, "पण सोळा जरा जास्तच झाली ना?" संपलं. यात 1932 चं मिसिसिपी आहे, ब्लूज आहे, जुळे भाऊ आहेत, रक्तपिपासू आहेत, हे ट्रेलरमध्ये कळतं. तो संगीत वाजताना मागचे-पुढचे सगळे काळ एकाच खोलीत येतात तो सीन आहे, त्याबद्दल मात्र बोलू नका, कारण तो बघितलेला माणूस नीट बोलू शकत नाही, नुसते हात हलवतो, आणि तुम्ही नीट बोललात की लगेच पकडले जाल.

'वन बॅटल आफ्टर अनदर'ला 13 आहेत. इथं फक्त दिग्दर्शकाचं नाव घेऊन "पॉल थॉमस अँडरसन आहे म्हणल्यावर..." एवढंच म्हणायचं आणि वाक्य सोडून द्यायचं. पुढचं समोरचा मनातल्या मनात पूर्ण करतो. मला तो सिनेमा आवडला, डिकॅप्रिओ घरातल्या चौकड्याच्या गाऊनवर पळत असतो आणि त्याला स्वतःच्याच क्रांतीचा पासवर्ड आठवत नसतो, ते बघून मी जाम हसलोय, पण हे असं आवडलं वगैरे सांगायची चूक तुम्ही करू नका. आवडलं म्हणजे तुम्ही प्रेक्षक झालात. आपल्याला जाणकार व्हायचंय.

जाणकार व्हायला शब्द लागतात. 'स्लो बर्न' हा एक. सिनेमात काही घडत नसेल तर स्लो बर्न. 'लेयर्ड' म्हणजे कळला नाही. 'इट स्टेज विथ यू' म्हणजे झोप लागली होती पण शेवट बघितला. 'परफॉर्मन्स ड्रिव्हन' म्हणजे बाकी काही नाही. आणि 'सिनेमॅटोग्राफी' हा शब्द कुठंही चालतो, फक्त त्याच्या आधी "काय" लावायचं. "काय सिनेमॅटोग्राफी आहे!" कुणीही उलट विचारत नाही की नेमकं काय म्हणून. 'हॅम्नेट'साठी नायिकेचं नाव, "जेसी बकली", म्हणून डोळे मिटायचे. 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'साठी "नॉर्वे" म्हणायचं. 'ट्रेन ड्रीम्स'साठी काही नको, नेटफ्लिक्सवर आहे, तो सगळ्यांच्याच वॉचलिस्टमध्ये आहे आणि कुणाचाच बघून झालेला नाही.

तरीही तुम्ही हट्टानं बघायचंच म्हणत असाल तर पद्धत तरी नीट ठेवा. दिग्दर्शकानं आयमॅक्सच्या फिल्मवर शूट केलंय ना, मग तुम्ही मोबाइलवर बघा, उभा धरून. दीडपट स्पीडला लावा म्हणजे पावणेतीन तासांचा दोन तासांत उरकतो, तेवढीच माणसं जरा घाईत आहेत असं वाटतं. टेलिग्रामवरून उतरवला असेल तर सबटायटल चार सेकंद मागे असतात, त्यामुळे माणूस मरून पडल्यावर खाली येतं "मला मारू नकोस", त्याची सवय होते. मध्येच वर पट्टी सरकते आणि कुठल्यातरी सट्ट्याच्या साइटची जाहिरात येते. ती पण बघा. आणि सिनेमा संपायच्या आधी सिनेमांना स्टार द्यायचं ते लेटरबॉक्स्ड अ‍ॅप उघडून साडेतीन स्टार देऊन टाका, साडेतीन हे फार सेफ असतंय, चार दिले तर कारण विचारतात आणि तीन दिले तर भांडतात.

घरच्यांबरोबर बघणार असाल तर "ऑस्कर मिळालाय, म्हणजे चांगलाच असणार" असं म्हणून बिनधास्त लावायचा. गेल्या वर्षी कितीतरी घरांत 'अनोरा' असाच लागला असणार. पाच ऑस्कर! बेस्ट पिक्चर! रविवार दुपार, जेवणं झालेली, बाबा सोफ्यावर, आई शेंगा सोलत बसलेली, आत्या मुद्दाम थांबलेली की चांगला सिनेमा आहे म्हणे. आणि सिनेमा सुरू होतो तोच न्यूयॉर्कच्या स्ट्रिप क्लबात, नावं येत असतानाच. रिमोट नेहमी हाताशी असतो, त्या दिवशी तो आत्याच्या मांडीखाली. बाबा एकदम पेपर शोधायला लागतात. आई मान वर न करता म्हणते, "यालाच दिलं का रे बक्षीस?" तुम्ही म्हणता, "पुढं चांगला आहे." आणि गंमत म्हणजे पुढं खरंच चांगला आहे, त्या पोरीचं रशियन शेठच्या पोराशी लग्न होतं आणि मग घरचे लग्न मोडायला माणसं पाठवतात, हा भाग तर आत्याला कुठल्याही सिरियलपेक्षा जास्त कळला असता, पण तिथपर्यंत कोण पोचतंय. मधल्या वेळात 'हास्यजत्रा' लागलेली असते.

थेटरात गेलात तर तुमचं रक्षण करायला सेन्सॉर बोर्ड आहे. 'ओपनहायमर' आठवा. अणुबॉम्ब चालला, शहरं बेचिराख झाली ते चाललं, पण एका सीनमध्ये फ्लोरेन्स प्यूला कॉम्प्युटरनं काळा ड्रेस घालून दिला, आणि हा सिनेमा आपल्याकडं असा ड्रेस घालूनच चालला. तेव्हा कॉस्च्युम डिझाइनचं एक नॉमिनेशन आपल्यालाही द्यायला हरकत नव्हती. आणि हो, इंटरव्हल. 'द ब्रुटलिस्ट' 215 मिनिटांचा आहे आणि त्यात दिग्दर्शकानं स्वतः 15 मिनिटांचा इंटरव्हल घातलाय, पडद्यावर घड्याळ उलटं चालतं, आणि तिकडचे समीक्षक काय तर म्हणे काय धाडस, काय प्रयोग! आपण हा प्रयोग जन्मापासून करतोय. आपल्याकडं तर ज्या सिनेमात इंटरव्हल नाही त्यातही ऑपरेटर काढून देतो, वाक्याच्या मध्ये, "मी तुझा खून..." आणि लाइट. मग तुम्ही पॉपकॉर्न आणायला जायचं, लाइनमध्ये पुढच्या माणसाला चीज पाहिजे की कॅरॅमल हे ठरेना, परत येईपर्यंत खून होऊन गेलेला. पण मत द्यायला काही अडत नाही, "फर्स्ट हाफ जरा लांबला" हे हॉलिवूडच्या कुठल्याही सिनेमाबद्दल म्हणायला मोकळे.

सगळ्यात सोपं म्हणजे वाद. वाद असला की सिनेमा बघावाच लागत नाही. 'एमिलिया पेरेझ'ला गेल्या वर्षी 13 नॉमिनेशनं होती, इंग्रजी नसलेल्या सिनेमाला एवढी आधी कधी मिळालेली नव्हती. मग मेक्सिकोचे लोक चिडले की गोष्ट आमची आणि शूटिंग बहुतेक पॅरिसजवळच्या स्टुडिओत, मग नायिकेच्या जुन्या ट्विट निघाल्या, आणि शेवटी हातात आले दोन. तुम्ही गाणी ऐकली का? नाही. पण तुम्हाला मेक्सिकोच्या वतीनं राग आला की नाही? आला. तसंच 'ब्रुटलिस्ट'मध्ये हंगेरियन उच्चार नीट करायला एआय वापरला म्हणून कोथरूड ते कांदिवली लोक केवढे दुखावले होते, त्यातल्या एकानंही आयुष्यात हंगेरियन ऐकलेलं नव्हतं, मी तर म्हणतो त्यामुळंच त्यांचा राग शुद्ध होता.

एवढं झाल्यावर तुम्ही भाकीत करायच्या लायकीचे झालात. बेस्ट पिक्चरचं मतदान कसं होतं तेवढं समजून घ्या, फार कमी लोकांना माहीत असतंय. बाकी सगळीकडं ज्याला जास्त मतं तो जिंकला. पण बेस्ट पिक्चरला दहाच्या दहा सिनेमांना एक नंबर, दोन नंबर असा क्रम लावून द्यायचा. कुणालाच अर्ध्याच्या वर मिळाली नाहीत तर सगळ्यात खालचा सिनेमा बाद, आणि ज्यांनी त्याला एक नंबर दिला होता त्यांची मतं त्यांच्या दुसऱ्या पसंतीला जातात. असं करत करत एक अर्ध्याच्या वर जाईपर्यंत. म्हणजे घरात ट्रिपचं ठरवताना एकाला हंपी पाहिजे असतं, एकाला केरळ, एकाला दापोली, आणि शेवटी सगळे महाबळेश्वरला जातात, कारण त्याला कुणाचा विरोध नसतो. तर दरवर्षी यादीतलं महाबळेश्वर शोधायचं आणि छातीठोक सांगायचं. चुकलात तर "अकॅडमी बिघडली" हे आहेच.

आता आपल्या लोकांकडं येऊ. बातमीत "ऑस्करच्या शर्यतीत" असं आलं की लगेच अभिमान वाटून घ्यायचा, पुढची ओळ वाचायची नाही. गेल्या वर्षी जानेवारीत अकॅडमीनं एक यादी काढली, 323 सिनेमांची, त्यातले 207 बेस्ट पिक्चरला पात्र. त्यात तमिळ 'कंगुवा' होता. हो, तोच, ज्याच्या आवाजानं डोकं दुखतंय म्हणून लोक थेटरातून बाहेर येऊन बाइट देत होते. आणि आपल्या च्यानलांवर पट्टी, की भारताची ऑस्करमध्ये धडक. त्या यादीत यायला काय लागतं? अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा भागांपैकी एकात सलग सात दिवस सिनेमा लावायचा, दिवसाला तीन शो, आणि अर्ज भरायचा. बेस्ट पिक्चरला याच्यावर आणखी थोड्या शहरांत लावायचा आणि आणखी एक फॉर्म. म्हणजे शर्यतीत म्हणजे अजून पार्किंगमध्ये गाडी लावतायत. पण तुम्ही हे कुणाला सांगत बसू नका, लोकांचा मूड जातो. यंदा 'होमबाउंड' खरोखर आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या 15 च्या शॉर्टलिस्टमध्ये आला होता, नीरज घायवानचा, आणि शेवटच्या पाचात नाही आला. त्याला थेटरात किती लोक गेले होते ते पण सांगू नका.

भारताकडून कुणाला पाठवायचं यावर मात्र कडक मत पाहिजे. 2024 ला फिल्म फेडरेशनच्या तेरा जणांच्या ज्युरीनं, तेराच्या तेरा पुरुष, 'लापता लेडीज' निवडला आणि कारण देताना पहिलंच वाक्य लिहिलं की भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण. हे लिहून वर त्यांना वाटलं की आपण कौतुक केलं. आणि पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट', जो फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला ग्रां प्री घेऊन आला, त्याच्याबद्दल काय, तर हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटतो म्हणे. दादर स्टेशनची गर्दी, पाऊस, चाळ पाडायला बसलेला बिल्डर, कागदपत्रं नाहीत म्हणून घर सोडून रत्नागिरीला परत जाणारी हॉस्पिटलातली स्वयंपाकीणबाई. युरोपच की. बेल्जियममध्ये अशाच चाळी पडत असतील.

या वादात तुम्ही कुठलीही बाजू घ्या, दोन्हीकडं छाया कदम आहेत. 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर चहा-ब्रेडपकोड्याचा स्टॉल चालवणाऱ्या मंजूमाई, पायलच्या सिनेमात ती स्वयंपाकीणबाई, पार्वती. आणि त्या कानला आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या, तो फोटो तुम्ही शेअर केलाय, मी पण केलाय, "आपली मराठी मुलगी" लिहून. तेवढं पुरेसं आहे, सिनेमा बघायची जोखीम घेऊ नका. मी सांगतो काय होतं. पायलच्या त्या सिनेमात एक नर्स आहे, नवरा जर्मनीला, फोन नाही काही नाही, आणि एक दिवस पार्सल येतं, लाल रंगाचा राइस कुकर. रात्री ती बाई फरशीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. बास, एवढंच. आणि ती पार्वती बिल्डरच्या होर्डिंगला दगड मारते रात्री रस्त्यावर उभी राहून. हे बघितल्यावर माणूस घरी येतो आणि त्याला पोस्ट लिहिता येत नाही. स्टार देता येत नाहीत. दोन दिवस ऑफिसात कुणी विचारलं कसा आहे, तर "बघ तू" म्हणतो. अशानं जाणकारी संपते.

'साबर बोंडं'चं तर मी म्हणतो तुम्ही अगदी आदर्श केलंत. जानेवारी 2025 ला रोहन कानवडेच्या या मराठी सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, मराठी पाऊल पडते पुढे वगैरे. मग 19 सप्टेंबरला तो इथं लागला. मुंबईत राहणारा मुलगा वडील गेले म्हणून दहा दिवसांसाठी गावी येतो, सुतक पाळतो, नातेवाईक चहा पितापिता लग्नाचं विचारत राहतात, आणि त्याला आपला जुना मित्र परत भेटतो. शो कुठं होता? मॉलमध्ये, दुपारी पावणेतीनला, एका स्क्रीनला. तुम्ही म्हणालात, "ओटीटीवर येईलच की." आणि ग्रुपवर त्याच आठवड्यात केवढी चर्चा झाली की मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत! हे असं जमलं पाहिजे. स्क्रीन मिळत नाही यावर बोलायचं, मिळालेल्या स्क्रीनवर मागची सीट रिकामी ठेवायची. तिकीट काढणाऱ्याला तक्रार करायला फुरसत कुठं असते.

आणि कुणी म्हणलंच की मराठी लोकांना ऑस्करचं काही नाही, तर त्याला 'श्वास' ऐकवा. 2004 ला 'श्वास' भारताकडून गेला होता आणि तिकडं प्रचाराला पैसे नव्हते म्हणून इथं लोकांनी वर्गणी काढली होती, शाळेतल्या पोरांनीसुद्धा. तेव्हा लोकांनी आधी सिनेमा बघितला आणि मग पैसे दिले, जुना काळ, अडाणी पद्धत. भानू अथय्या पण ऐकवा, कोल्हापूरच्या, 'गांधी'च्या कपड्यांसाठी 1983 ला भारतीय माणसाला मिळालेलं पहिलं ऑस्कर. ते त्यांनी शेवटी 2012 मध्ये अकॅडमीलाच परत नेऊन दिलं, सांभाळायला, कारण इथं ते नीट राहील याची त्यांना खात्री वाटेना. ही शेवटची ओळ कार्यक्रमात सांगू नका. टाळ्या कमी येतात.

सोहळ्याच्या दिवशी एक राग तयार ठेवावा लागतो, त्या वर्षी गेलेल्या कलाकारांची नावं दाखवतात तेव्हासाठी. 2022 ला लतादीदींचं नाव नव्हतं. त्यावर आपण सगळे चिडलो आणि बरोबरच चिडलो. त्याच्या आदल्या वर्षी इरफान होता, भानू अथय्या होत्या, पण ती क्लिप कुणी फिरवली नाही, त्यात राग नव्हता ना. यंदा पण नावं नीट तपासा, एखादं तरी सुटलेलं सापडेलच, ते सापडलं की सकाळचं काम झालं.

सकाळ म्हणजे आपल्याकडं सोमवार 16 मार्च, पहाटे साडेचार. अजिबात उठू नका. जे उठतात ते सातला दमून जातात, मग त्यांना साउंड कोणाला मिळालं हे आठवतं आणि बाकी काही सुचत नाही. तुम्ही आरामात आठला उठा, दात घासता घासता विजेत्यांची यादी बघा, आणि नऊच्या लोकलमध्ये चढल्यावर ग्रुपवर टाका, "म्हणलं नव्हतं?" काय म्हणलं होतं ते कुणी वर स्क्रोल करून बघत नाही. कुणी फारच खोलात शिरलं आणि विचारलंच की तू स्वतः यातला कुठला बघितलास, तर 'एफ वन' सांगा. तो पण बेस्ट पिक्चरच्या दहात आहे, बघितलेला पण असेल, आणि त्यात नेमकं काय झालं होतं ते कुणालाच आठवत नाही, ब्रॅड पिट होता, गाडी होती, एसी चांगला होता.